दिवसा बंद दार

आमच्या गावात दिवसा दार लावायची पद्धत नाही. उजाडलं की दार उघडायचं आणि रात्रीची जेवणं झाली की लावायचं. मधल्या वेळात पाऊस आडवा घरात येवो, पौषातली थंडी हाडात शिरो, नाहीतर घरातली झाडून सगळी माणसं रानात जावोत, दार उघडंच. कुत्रं शिरू नये म्हणून उंबऱ्यावर एक काठी आडवी टाकायची, बस. चोरायला आमच्याकडे होतं काय म्हणा! नागलीची कणगी, चार भांडी, दोन गोधड्या. तेवढ्यासाठी कुणी घाट चढून आला असता, तर लोकांनी त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग चौकशी केली असती.

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाट चढून गेलं की पठार लागतं, आणि पठाराच्याही वर हे गाव. जीप रोज एकदाच, सकाळी खाली आणि दुपारी वर. पाणी खालच्या झिऱ्यावरून डोक्यावर आणायचं. पावसाळ्यात धुकं असं दाटतं की शेजारचं घर आवाजावरून ओळखावं लागतं. वीज आहे, पण ती पाहुण्यासारखी येते. मोबाइलला रेंज फक्त मारुतीच्या मागच्या कातळावर, आणि तिथेही एका विशिष्ट जागी एका विशिष्ट बाजूला तोंड करून उभं राहिलं तरच. एवढं सगळं असून तिथली माणसं खाली यायला तयार नसतात, हे मला लहानपणी फार शहाणपणाचं वाटायचं. सुरतेला संसार थाटल्यावर तेच हट्टीपणाचं वाटायला लागलं.

दिवसा बंद दाराचे आमच्या गावात दोनच अर्थ. घरात कुणी गेलं, तर प्रेत उचलल्यावर दार ओढून घेतात आणि दिवसभर ते तसंच राहतं. मग शेजारपाजारचे कडू घास घेऊन येतात. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी आणि बिनफोडणीची डाळ. ते ताट उंबऱ्यावर ठेवायचं, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची आणि दार आतून उघडेपर्यंत गुपचूप भिंतीला टेकून बसायचं. आई गेली तेव्हा आमच्या दाराशी अशी बरीच माणसं बसली होती. आमचं दार दिवसा बंद झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसरा अर्थ असा की ते घर कायमचं खाली उतरलं. पोटासाठी कुणी सुरतेला गेलं, कुणी ऊसतोडीला, आणि परत आलंच नाही. अशा घराचं दार बंद राहतं, दोन पावसाळ्यांत छप्पर बसतं आणि मग गाव त्या घराचं नाव घेणं सोडून देतं.

मागच्या हिवाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, झिऱ्याच्या वाटेवर हंड्यासकट घसरले. शेजारी राहणाऱ्या काकूने कातळावर चढून मला फोन केला. मी एकुलती एक लेक. रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता, दुसऱ्याच दिवशी मी गावात हजर. हाड मोडलं नव्हतं, पण कंबर धरली होती. मी म्हटलं, आता बास, चला माझ्याबरोबर.

"पोरगीना घर मी ऱ्हाऊ? लोके हासतीन," आबा म्हणाले.

"हसू द्या. हसणारे पाणी आणून देतात का तुम्हाला?"

मी मुळात तापट. आबा मुळात हट्टी. दोन दिवस आम्ही एकमेकांशी भांडलो आणि तिसऱ्या दिवशी ते एका अटीवर तयार झाले. काकूने रोज सकाळी त्यांचं दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं आणि दर रविवारी कातळावरून फोन करून तसं सांगायचं. "ज्या दिन मना दार बंद ऱ्हायनं, त्या दिन मी चालनू," त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं. दाराचं काय, काकू उघडेल, असं मला वाटलं. आबांना एकदा सुरतेत आणायचं आणि मग कधीच परत जाऊ द्यायचं नाही, असा माझा आतला डाव होता.

आमची खोली बमरोलीत. एका ओळीत दहा खोल्या, समोर तशाच दहा, मध्ये हातगाडी जाईल एवढी गल्ली. माझा नवरा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये घडी खात्यात, त्याला कायम दिवसपाळी. मी घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. शेठच्या दुकानातून साड्यांचं पोटलं आणायचं, काम झालं की नेऊन द्यायचं. आबांसाठी दारातच एक खाट टाकली. गावाहून येताना त्यांनी नागलीच्या पिठाची गोणी खांद्यावरून आणली होती. सुरतेत पीठ मिळत असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पहिले दोन दिवस आबा माझ्याशी धड बोलले नाहीत. चहा दिला की घ्यायचे, पण माझ्याकडे बघायचे ते असं, की मी कुणाचा तरी घात केलाय. मी मोबाइलवर गाणी लावून टिकल्या लावत होते. त्यांनी येऊन मोबाइल उचलला आणि तो कसा बंद करायचा ते न कळल्याने उशीखाली दाबून ठेवला. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. मी गाणी बंद केली.

तिसऱ्या दिवशी मी पोटलं घेऊन शेठकडे गेले. नवं काम घेऊन येईपर्यंत दुपार झाली. गल्लीत शिरले आणि पाहते तर काय, समोरच्या ओळीतल्या तिसऱ्या खोलीच्या दारात आबा बसलेले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. त्यांच्यापुढे त्या खोलीतला भाडेकरू मांडी घालून नागलीची भाकरी डाळीत कुस्करून खातोय आणि आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत.

हा भाडेकरू मराठवाड्यातला. बायकापोरं गावाकडे, हा इथे एकटा. एका डाइंग मिलमध्ये रातपाळीला. सकाळी येऊन पडायचा तो संध्याकाळीच उठायचा. मी ती बिनफोडणीची डाळ पाहिली, ती टोपी पाहिली, आणि माझ्या डोक्यावरचं पोटलं खाली पडलं. आबांनी जिवंत माणसाला कडू घास आणून दिला होता!

झालं होतं असं. आमच्या गल्लीतल्या पाच खोल्यांत रातपाळीची माणसं. ती दिवसभर दार लावून झोपतात. आबांनी दोन दिवस खाटेवरून ती पाच बंद दारं पाहिली आणि अर्थ लावला. पाच घरांत पाच मयतं. गावात साथ आलीय. आणि आपली लेक, जिला आपण लहानपणापासून माणुसकी शिकवली, ती पाच सुतकांच्या मधोमध बसून गाणी ऐकतेय आणि साड्यांना टिकल्या लावतेय! शेवटी त्यांना राहवलं नाही. मी बाहेर पडताच त्यांनी माझ्या गॅसशी झटापट करून भाकऱ्या थापल्या आणि पहिलं बंद दार गाठलं. तिथे ते दीडेक तास बसून होते.

लघवीला म्हणून तो बिचारा उठला, दार उघडलं, तर पुढ्यात ताट आणि म्हातारा. त्यांचं पुढचं बोलणं मला नंतर दोघांकडूनही ऐकायला मिळालं.

"कोन गयं, भो?" आबांनी हळूच विचारलं.

तो अर्धवट झोपेत, त्याला वाटलं शेजारच्या दिवसपाळीवाल्यांना विचारतायत. "सगळेच गेले की काका, डूटीवर."

"सगया? तू येखलाच ऱ्हायना?"

"हो, मी एकलाच."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ताट पुढे सरकवलं. "जेय बाबा. पोटले नही म्हनू नही."

आता, आठ दिवस मेसचं खाणाऱ्या माणसापुढे कुणी ताजी भाकरी ठेवली, तर तो कशाला कारण विचारतो! तो खाली बसला आणि जेवायला लागला. मी पोचले तेव्हा तिसरी भाकरी चालू होती.

मी आबांना दंडाला धरून घरी आणलं आणि रातपाळी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांना आधी खरंच वाटेना. माणसं रात्री काम करून दिवसा झोपतात, हे त्यांच्या मते फक्त घुबडांना शोभणारं. खरं पटल्यावर मात्र टोपी डोळ्यांवर ओढून भिंतीकडे तोंड करून झोपले. मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन हसले. पण आतून धास्तीही वाटत होती. लाज वाटलेला म्हातारा दुसऱ्या दिवशी घाट चढणार, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी मी समोर जाऊन सगळं सांगितलं आणि माफी मागितली. म्हटलं, आमच्या गावच्या रीतीप्रमाणे आबांनी तुमचं सुतक पाळलं. तो आधी टकामका बघत राहिला. मग दाराची चौकट धरून हसायला लागला, ते थांबेचना.

"अहो ताई, मेलो तर मेलो. भाकर लई भारी होती." आणि डब्याची पिशवी घेऊन ड्यूटीवर जाता जाता तो आबांच्या खाटेपाशी थांबला. "काका, तुम्ही इथं बसूनच ऱ्हाता नव्हं? मग मला रोज साडेपाचला उठवताव का? मोबाइल बोंबलून गप होतो, मी काही उठत नाही. तीनदा गेट बंद मिळालं मला."

आबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "उठाडसू."

झालं, त्या दिवसापासून आबांना नोकरी लागली. घड्याळ त्यांना नीट कळत नव्हतं. ते समोरच्या भिंतीवरची सावली बघायचे. सावली पाण्याच्या टाकीच्या नळापर्यंत आली की साडेपाच. पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. मी मोबाइलमध्ये बघून ताडून पाहिलंय. आठवड्याभरात बाकीच्या चार बंद दारांनीही नावं नोंदवली. गल्लीतून भंगारवाला ओरडत आला की आबा खाटेवरून हात हलवायचे, "हळू रे, मानसे झोपेल शेत." क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत हाकललं. पोरं त्यांना गुजरातीत काहीबाही म्हणायची, आबा अहिराणीत उत्तर द्यायचे, आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं.

आणखी एक गंमत झाली. उन्हाळा तापायला लागला तशी त्या पत्र्याच्या खोल्यांची भट्टी व्हायला लागली. आबांनी तिसऱ्या खोलीवाल्याला सांगितलं, दार उघडं टाकून झोप, पडदा लाव, उंबऱ्यावर काठी आडवी टाक. मी बसलोय ना! त्याने काठी म्हणून फरशी पुसायचा वायपर आडवा टाकला आणि झोपला. त्याचं बघून बाकीच्यांनीही दारं उघडली. आमच्या गल्लीत मी इतकी वर्षं राहतेय, पण दिवसा सगळी दारं उघडी मी पहिल्यांदाच पाहिली. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं आणि त्या आनंदात मी एका साडीला टिकल्या उलट्या लावून ठेवल्या.

रविवारी काकूचा फोन यायचा. बोलणं एवढंच:

"दार उघाडं का?"

"उघाडं भाऊ."

की फोन बंद. काकूच्या गुडघ्यांचं, पिकापाण्याचं काही विचारायचं नाही. तेवढ्याने आबांचा आठवडा सुखात जायचा.

मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. आम्ही लावला तर ती ध्वनिमुद्रित बाई गुजरातीत बोलायची. आबा तिच्यावर खवळायचे, "हाई कोन बाई बोली ऱ्हायनी? मनी भावजयी कोठे शे?" दुसऱ्या रविवारी संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली. काकू आजारी असेल, दार बंद असेल, दोन आठवडे गावाने बंद दार पाहिलं असेल. त्यांना बसवेना.

माझा पारा चढला. इतके महिने मी मनात बांधलेलं सगळं ती एक पिशवी उचलून नेत होती. "दार, दार, दार! एका फळकुटासाठी जिवंत लेकीला सोडून चाललात? काय आहे तिथे? तिथे आहे कोण तुमचं?"

नवरा मला खुणेने गप्प करत होता. आबा पिशवीची गाठ मारत राहिले. मग वर न बघता म्हणाले, "मनं कोनी नही तठे. पन ते दार बंद पडनं, त तुनं माहेर कोठे ऱ्हाई, माय?"

म्हणजे हा सगळा हट्ट माझ्यासाठी होता. आणि मी, जिच्यासाठी ते दार रोज उघडत होतं, मी त्याला फळकूट म्हटलं होतं. मी रडले, आणि मग पोळ्या लाटून दोघांचा डबा बांधला. ठरवलं, मी स्वतः त्यांना पोचवून येईन, आणि तिथेच राहायचं म्हणाले तर एका शब्दाने अडवणार नाही. नवरा दिवसभर मिलमध्ये, म्हणून त्याच संध्याकाळी खोलीची एक चावी समोरच्या तिसऱ्या खोलीवाल्याकडे दिली. "पाणी आलं तर पिंप भरून ठेवा," एवढंच सांगितलं.

पहाटे उधन्याहून गाडी धरली, नवापूरला उतरलो, तिथून एसटी, आणि मग दुपारची जीप. वर पोचल्यावर आबा जीप थांबायच्या आत उतरले. कंबर दुखते म्हणणारा हाच का तो माणूस, असं मला वाटलं.

दार उघडं होतं.

उंबऱ्यावर काठी आडवी होती. आत काकू जमिनीवर नागली वाळत घालत होती आणि तिची दोन करडं आबांच्या पलंगावर बसली होती. काकूचा फोन झिऱ्यात पडला होता, एवढीच भानगड. जीपवाल्याबरोबर निरोप पाठवायचा तिने दोनदा ठरवलं आणि दोनदा विसरली. आबा दारातच उभे राहिले. मग वाकून त्यांनी चुलीवर हात धरला. चूल ऊन होती. दुपारचा चहा शेजारच्या बायका इथेच करायच्या म्हणे, कारण इथे सासू नाही.

आबा खूष झाले. कणगीत कोंबडी अंड्यांवर बसली म्हणून तिला शिव्या घालत हिंडले, गावभर जाऊन आले, सगळ्यांना सांगितलं की सुरतेत माणसं दिवसा झोपतात. कुणी विश्वास ठेवला नाही. मी ओट्यावर बसून बघत होते. मला बरं वाटत होतं, आणि आपण उद्या एकटीच उतरणार हेही डोक्यातून जात नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास ते माझ्याजवळ येऊन बसले. इथली सावली टाकीच्या नळावर येत नाही. त्यांनी विचारलं, "कितला वाजनात?"

"साडेपाच."

"उठना व्हई का तो?"

आतून मला नाचावंसं वाटत होतं, पण बोलले असते तर त्यांनी हट्टाने उलटंच केलं असतं, एवढं मी त्यांना ओळखते. सकाळी मी उठले तेव्हा पिशवी ओट्यावर होती आणि आबा टोपी घालून जीपची वाट बघत होते.

"तू दार लाईसन उनी ना तठलं?" त्यांनी मला दरडावून विचारलं. बमरोलीचं दार मी ओढून घेतलं होतं, आणि मिलमध्ये जाताना नवरा कुलूपसुद्धा घालणार होता. "दोन दिन व्हयनात. दिवसना दार बंद. लोके काय म्हंतीन? चाल लवकर." काकूने काठी उंबऱ्यावर सरळ केली.

गल्लीत शिरलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आबा माझ्यापुढे चार पावलं होते. ते थबकले, म्हणून मीही थबकले.

आमचं दार उघडं होतं. उंबऱ्यावर फरशी पुसायचा वायपर आडवा टाकलेला. आणि तिसऱ्या खोलीवाला रात्रभर मिलमध्ये उभं राहून आलेला, आमच्या चौकटीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याच्या शेजारी आमचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

मी त्याला हाक मारणार तेवढ्यात आबांनी माझा हात धरला. समोरच्या भिंतीकडे बघितलं. सावली अजून नळापासून हातभर लांब होती.

"झोपू दे त्याले," ते म्हणाले. मग वायपर ओलांडून आत गेले, पिशवी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाले, "चहा ठेव, माय. दार लावू नको."